बोलातलं शेवटचं वाक्य

कुणी जग बुडणार म्हणालं की माझं डोकं उठतं. हल्ली तर ही रोजचीच कटकट झाली आहे. चैत्रात गारा पडल्या की जग बुडणार, दिवाळीत पाऊस झाला की जग बुडणार. फोनवर कुणीतरी समुद्राच्या लाटा आणि मागं भेसूर संगीत लावून पाठवतो आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळा होतो. उदगीरच्या एका शाळेत मी पुष्कळ वर्षं भूगोल शिकवला. हवामानाचा धडा आला की मागच्या बाकावरचा एखादा हमखास विचारायचा, "मॅडम, मग जग बुडणार का?" त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं की कळायचं, याला भीती वगैरे काही वाटत नाही, याला उद्याचा गृहपाठ करायचा नाही. मी फाडकन काहीतरी बोलायचे. पोरांना वाटायचं, मॅडमना प्रश्न विचारलेले आवडत नाहीत. त्यांना काय सांगणार? हाच प्रश्न मला पंधराव्या वर्षी एकदा विचारला गेला होता. मी त्याचं उत्तर दिलं होतं आणि त्या उत्तरापायी आमच्या गावानं पेरायचं बियाणं खाल्लं होतं.

आमचं गाव ठाणाकुशनूरहून दोन कोसांवर, माळाच्या पोटाशी. ओढा ओलांडला की महाराष्ट्र लागायचा, पण तो लागला हे दगडावर लिहिलेलं वाचल्याशिवाय कळायचं नाही. घर म्हणजे दोन खोल्या, पुढं मातीची ओसरी आणि अंगणात एक कडुलिंब. माझ्या आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढ्याच होत्या. दिवाळी झाली की कळप घेऊन मांजरेच्या काठाकाठानं निघायचं आणि चैत्राच्या तोंडावर घरी परतायचं, यात त्यांचा जन्म गेला. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी (गावात ते मल्लाप्पा), कळप विकून माळाच्या उताराला शेताचा एक तुकडा घेतला आणि चार मेंढ्या तेवढ्या ठेवल्या, त्याही अव्वाला लोकर लागते म्हणून. अव्वा म्हणजे माझी आई. हातातलं काम संपलं की ती चरख्यावर लोकर कातायला बसायची. त्या चरख्याला तेल कधी पुरलं नाही. त्याची कुरकुर, लिंबाखाली मेंढ्यांचं खाकरणं आणि मधूनच अव्वाचं कुणावर तरी ओरडणं, हे आमच्या घराचे आवाज. ती माहेरची औरादच्या पलीकडची. मेंढ्यांशी ती तेलगूत बोलायची, माझ्याशी मराठीत आणि अप्पांवर चिडली की कानडीत. त्यामुळं मला कानडी चांगली यायची. माझे दोघं भाऊ हैदराबादेला बांधकामावर गेलेले होते. सणावाराला ते शर्टाच्या खिशाला गॉगल अडकवून यायचे, अव्वाच्या हातची ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगांची चटणी चार दिवस पोटभर खायचे आणि कमलनगरच्या जीपमध्ये लटकून परत जायचे. बाकी वर्षभर घरात आम्ही तिघंच असायचो.

आमच्या घराची गावात एक वेगळीच ओळख होती. गावचा देव बिरप्पा आणि बिरप्पाचा बोल आमच्या घराकडं. चैत्रातल्या पाडव्याच्या सकाळी देवळापुढं काळी घोंगडी अंथरायची. आमच्या घरातला कर्ता पुरुष कपाळाला भंडारा लावून, हातात देवाची काठी घेऊन अनवाणी तिच्यावर उभा राहायचा. ढोल वाजत असायचे. त्यानं काठी वर केली की ढोल थांबायचे आणि तो येणाऱ्या वर्षाबद्दल तीन-चार वाक्यं बोलायचा. कुठल्या नक्षत्रात पाऊस, कुठलं पीक साधेल, जनावरांना कसं जाईल. तेवढं बोलून घोंगडीवरून उतरायचा. यात एक कडक नेम होता. बोल एकदाच. बोलणाऱ्यानं पुढच्या पाडव्यापर्यंत त्याच्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. कुणी विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, कुणी चुकीचा अर्थ लावला तरी सुधारायचा नाही. देव काय पुन्हा पुन्हा सांगत बसतो का, असं त्यामागचं म्हणणं. लहानपणी मला हा नेम फार भारदस्त वाटायचा. आता वाटतं, असला नेम ज्यानं कुणी घातला त्याला दोन मुस्काटात द्यायला हव्या होत्या.

अप्पा ढोंगी नव्हते, हे मला इथं ठासून सांगायचं आहे. माघ लागला की ते तयारीला लागायचे. टिटवीनं अंडी ओढ्यात घातली की उंचावर, लिंबाला मोहर कधी आला, होळीचा धूर कुठल्या अंगाला वळला, मुंग्या अंडी घेऊन कुठं चालल्या, हे सगळं ते हिंडून हिंडून बघायचे आणि मनात साठवायचे. घोंगडीवर उभं राहिल्यावर त्यातलंच काहीतरी जुळून त्यांच्या तोंडून निघायचं. ते त्यांच्या मते बिरप्पाचं असायचं आणि मलाही त्यात काही खोटं वाटत नाही. पण त्या वर्षी काही जुळेचना. टिटवीनं एक जोडी खळ्याजवळच्या उंचवट्यावर घातली होती आणि दुसरी थेट ओढ्याच्या वाळूत. लिंब एका फांदीला मोहरला होता आणि दुसऱ्या फांदीची पानं गाळत होता. शिवाय मेंढ्या विकल्यापासून अप्पांचं हिंडणं आमच्या बांधापुरतं राहिलं होतं. पूर्वी चार महिने चालून जे बघायला मिळायचं ते आता दिसत नव्हतं. हे ते कुणाला बोलले नाहीत. नुसते लिंबाखाली बसून दाढी खाजवायचे आणि अव्वा म्हणायची, "अवो, तितं बसून काय अंडी घालायलाव व्हय?"

मी तेव्हा ठाणाकुशनूरच्या शाळेत नववीला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आमचे हेडमास्तर लातूरहून येणारा पेपर वाचून झाला की शिळे अंक मला द्यायचे. अप्पा लहानपणी दोन यत्ता शिकले ते उर्दूत. मराठी त्यांना वाचता यायचं नाही. मग दुपारी लिंबाखाली मी पेपर वाचायचे आणि ते ऐकायचे. माझा आवाज मोठा होता आणि तो मला आवडायचाही. एके दिवशी आतल्या पानावर एक लेख होता. पृथ्वी तापते आहे, ध्रुवावरचं बर्फ वितळतं आहे, समुद्र वर येणार आहे, पावसाचं ठरलेलं वेळापत्रक बिघडणार आहे. अप्पा एकदम सरसावून बसले. ज्याचा मेळ त्यांना महिनाभर लागत नव्हता त्याबद्दल कुणीतरी लांबच्या माणसांनी लिहिलं होतं, हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला होता. ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. शेवटी त्या लेखात असं होतं की याबाबत शास्त्रज्ञांचा अभ्यास अजून सुरू आहे.

"मग काय व्हनार?" अप्पांनी विचारलं.

तो शेवट मला अगदी बेचव वाटला होता. इतकं बर्फ वितळवायचं, इतका समुद्र वर आणायचा आणि मग म्हणायचं काय, तर अभ्यास सुरू आहे! मी पेपराची घडी घातली आणि मोठ्या रुबाबात म्हटलं, "मग काय अप्पा, खतम. म्होरं काही न्हाई."

"पेपरात लिवलंय तसं?"

"व्हय तर."

एवढंच. ते वाक्य बोलायला मला एक क्षणसुद्धा लागला नाही. मी उठून मेंढ्यांना पाणी पाजायला गेले आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले.

पाडव्याला देवळापुढं सगळं गाव जमलं होतं. बायका एका अंगाला, गडीमाणसं एका अंगाला. अव्वानं सकाळीच हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, शिजत घातली होती आणि अंगाला तिचा वास घेऊनच मी पुढं जाऊन बसले होते. अप्पांनी काठी वर केली. ढोल थांबले. अप्पांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली, परत पहिल्या हातात घेतली. मग त्यांचा बारीक आवाज आला.

"धरती तापली. बर्फ इतळलं. समुद्र वर आला. म्होरं काही न्हाई."

आणि ते घोंगडीवरून उतरले.  पहिली तीन वाक्यं पेपरातली होती, ती मी ओळखली. चौथं माझं होतं. बिरप्पाच्या घोंगडीवरून, सगळ्या गावापुढं, माझं वाक्य. त्याच वेळी मी उभी राहून बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. नववीतल्या मुलीला देवाच्या बोलात चूक काढायचं धैर्य कुठून यायचं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. त्यातलं मला एकदाही पटलेलं नाही.

आमच्या गावात तोवर कुणी समुद्र बघितलेला नव्हता. तरी दुपारपर्यंत चावडीवर हिशेब सुरू झाला की समुद्र मुंबईहून सोलापूरला किती दिवसांत येईल आणि सोलापूरहून आमच्याकडं किती. यात पुढाकार शिवराजअण्णाचा. शिवराजअण्णाचं शेत आमच्या शेताला लागून होतं. त्याच्याकडं एक बैल, आमच्याकडं एक बैल, आणि पेरणीला दोघांची जोडी करून आधी एकाचं रान पेरायचं, मग दुसऱ्याचं, असं वर्षानुवर्षं चालत आलेलं. त्याच्या मुलानं हैदराबादेहून टीव्ही पाठवला होता, गावातला पहिला, आणि तेव्हापासून शिवराजअण्णाला जगातलं सगळं कळायला लागलं होतं. त्यानं ठरवून टाकलं की मृगाच्या आत सगळं आटोपतंय. अप्पांना कुणी विचारायला आलं की अप्पा खाली बघायचे. नेम होता ना! त्यांच्या गप्प बसण्याचाही लोकांनी अर्थ लावला. बघा, मल्लाप्पाच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणजे किती वाईट असेल.

आता कुणाला वाटेल, गाव रडत बसलं असेल. छे! जग बुडायच्या त्या दोन महिन्यांत आमच्या गावानं जेवढं चवीनं खाल्लं तेवढं मी आधी कधी बघितलं नव्हतं. आपल्याकडं प्रत्येक घरात बियाणं वेगळं ठेवलेलं असतं. राखेत घोळून, लिंबाचा पाला घालून, मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपून. घरात चूल पेटायची पंचाईत झाली तरी त्या मडक्याला हात लागत नाही. त्या वर्षी मडकी फुटली. बियाण्याच्या मुगाची धिरडी झाली, बियाण्याच्या तुरीचं वरण झालं, बियाण्याच्या शेंगा भाजून चावडीवर टरफलांचा खच पडला. निवडून ठेवलेल्या टपोऱ्या ज्वारीची भाकरी किती गोड लागते, हे लोक एकमेकांना सांगायला लागले. बांध फुटले होते ते तसेच राहिले. विहिरीचा दोर कुजला होता तो कुणी बदलेना. "आता काय करायचंय बदलून?" असं म्हणायचं आणि सावलीत आडवं व्हायचं. पोरं नेहमीपेक्षा लवकर हैदराबादेला निघाली. मी एकाला विचारलं, "जग बुडायलंय तर तितं कामून चाललास? तितं काय बुडनार न्हाई?" तो म्हणाला, "बुडंस्तोवर हजेरीचे पैसे तर मिळतील की." मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. जग बुडणार यावर त्यांचा विश्वास होता का? मला विचाराल तर अर्धाच होता. पण अंगावरचं काम टाळायला अर्धा विश्वास भरपूर होतो.

या सगळ्यात शुद्धीवर होती ती एक अव्वा. बोल ऐकून आली, चरख्यावर बसली आणि म्हणाली, "जग बुडायलंय म्हनं. अन् सांच्याला भूक लागायलीच न्हवं?" दुसऱ्या दिवशी तिनं बियाण्याची पाचही मडकी माळ्यावरून उतरवली, आतल्या खोलीत गवताखाली दडवली आणि गावात सांगत सुटली की औंदा आमचं बी सगळं किडलं. शेजारणी चार तुरी मागायला आल्या की ती कपाळावर हात मारून किड्यांना शिव्या द्यायची. आमच्या घरी तीच रोजची भाकरी आणि अंबाडी. मला गावभरच्या धिरड्यांचा वास यायचा आणि अप्पा तर निम्मीच भाकरी खाऊन उठायचे. ते मनापासून खचले होते. देवानं आपल्या तोंडून हे बोलवलं असं त्यांना वाटत होतं. मेंढ्यांना ते तासन् तास खरारा करत बसायचे. मला त्यांच्याकडं बघवायचं नाही आणि त्याच कारणानं मला त्यांचाच राग यायचा. पेपरात आहे म्हटलं की संपलं? एवढी टिटवीची अंडी तपासणारा माणूस, पोरीचं एक वाक्य तपासू नये त्यानं?

मृग लागला. दोन पाऊस चांगले झाले. समुद्र काही आला नाही. जमिनीला वापसा आला, म्हणजे ओल अशी बसली की मूठभर माती दाबली तर तिचा मुटका व्हावा आणि बोट लावलं तर तो फुटावा. अशी ओल चार-पाच दिवस टिकते. त्यात पेरलं तर पेरलं. पण शिवारात एक तिफण दिसेना. जग बुडायला उशीर होतोय, एवढाच अर्थ गावानं काढला. अप्पा बांधावर उकिडवे बसून माती दाबून बघायचे आणि टाकून द्यायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी अव्वाचा बांध फुटला. ती शेतातच कानडीत सुरू झाली आणि मराठीवर येऊन संपली. "रान वाळून चाललंय अन् तुमी देवाचं तोंड बगायलाव! पोरीच्या तोंडात काय माती घालायची व्हय कार्तिकात?"

अप्पा म्हणाले, "देवानं म्होरं काही न्हाई म्हनलंय. कुनासाठी पेरू?"

आणि ती चिडून पाण्याची घागर आदळून निघून गेली. मी तिथंच उभी होते. मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर ही माती वाळेल आणि मग बोलून काही उपयोग होणार नाही.

"अप्पा, ते शेवटचं पेपरात नव्हतं."

"कोनतं?"

"म्होरं काही न्हाई, ते. मी माज्या मनानं बोलले."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मारतील असं वाटलं. त्यांनी मला कधीच मारलं नव्हतं, तरी मी मागं सरकले. "मग पेपरात काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

"अभ्यास चालू हाय, असं व्हतं."

अप्पांनी हातातला मातीचा मुटका बोटानं फोडला. मग म्हणाले, "मला औंदा काही दिसलंच न्हाई, म्हादी. घोंगडीवर हुबा ऱ्हायलो अन् आत नुसता अंधार. दिसत न्हाई म्हनायची लाज वाटली. म्हनून तुज्या पेपराला धरलं."  मी रडायला लागले तसे ते उठले, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "घराकडं चल. अन् तू कुनाला काही बोलू नको. देवाच्या नावानं खोटं बोलली म्हनून जलमभर बोट दाखवतील तुज्याकडं. तुला शिकायचंय."

रविवार होता. शिवराजअण्णाच्या ओसरीवर टीव्ही लावलेला आणि अंगणात निम्मं गाव मालिका बघत बसलेलं. अप्पांनी घरातून देवाची काठी आणि घोंगडी घेतली आणि तडक तिकडं गेले. त्यांच्या मागं मी आणि काय झालं ते न कळलेली अव्वा माझ्या मागं. अप्पा टीव्हीच्या आड उभे राहिले. लोक ओरडले, सरका म्हणून. ते सरकले नाहीत.

"शिवराज, बैल सोड. वापसा हाय. पेरायचंय."

"पेरायचंय?" शिवराजअण्णा हसला. "मल्लाप्पा, तुमीच बोललाव की, म्होरं काही न्हाई म्हनून."

"बोललो. त्यातली पयली तीन पेपरातली व्हती. शिकल्याल्या लोकांनी लिवल्यात, खरी असतील. चौथं देवाचं न्हाई."

"मग कुनाचं?"

मी तोंड उघडलं. अप्पांनी माझ्याकडं न बघताच काठी माझ्यापुढं आडवी धरली.

"माजं," ते म्हणाले. "शेवटचं माजं. औंदा मला काही दिसलं न्हाई. मला दिसलं न्हाई म्हंजी म्होरं काही न्हाई, असं न्हवं. येवडं सांगायला आलो."

नेम मोडला होता. पाडव्याच्या आत बोलाबद्दल बोलले होते आणि बोल खोटा म्हणून बोलले होते. एका म्हाताऱ्यानं जमिनीवर थुंकून तोंड फिरवलं. कुणीतरी म्हणालं, आमची पोरं तुज्यापायी लवकर हैदराबादेला गेली. कुणी त्याहून वाईट बोललं, ते मी इथं लिहिणार नाही. बियाणं आपण आपल्या हातानं शिजवलं हे कुणाला आठवेना, सगळ्यांना मल्लाप्पा सापडला होता. अप्पांनी घोंगडीची घडी शिवराजअण्णाच्या ओसरीवर ठेवली, तिच्यावर काठी ठेवली आणि हात जोडून उभे राहिले. टीव्हीवरची माणसं मागं बोलतच होती. शेवटी शिवराजअण्णानं उठून टीव्ही बंद केला.

"बैल नेताव, पर पेरताव काय?" तो हळू आवाजात म्हणाला. "आमी तर बी खाऊन बसलाव."

"बी हाय," मागून अव्वा म्हणाली. "किडलं न्हाई माजं."

त्या दुपारी आमच्या अंगणात जे लोक अप्पांना शिव्या देत होते तेच ओट्या पसरून उभे होते. अव्वानं पाचही मडकी फोडली. एवढ्यांना ते कुठून पुरणार, घरटी चार-चार मुठी आल्या. प्रत्येकाच्या ओटीत बी घालताना ती बजावत होती, "पेरायला देयलेय. शिजवल्याचा वास आला तर घरात येऊन चुलीत पाणी वतीन." शिवराजअण्णाला तिनं सगळ्यात शेवटी दिलं आणि सगळ्यात जास्त ऐकवलं. तिसऱ्या प्रहरी आमच्या उताराला तिफण लागली. अप्पांनी बैल हाकले आणि चाड्यावर मूठ माझी होती. तिफणीच्या त्या लाकडी वाटीत मुठीतून दाणे सारखे सोडत जायचं असतं, जास्त नाही, कमी नाही. माझ्या मुठीतून दाणे भसाभस सुटत होते. अप्पा मागं न बघता म्हणाले, "बेतानं." तेवढंच.

पीक कसं आलं म्हणाल तर बरं आलं. श्रावणात पावसानं ओढ दिली, मूग गेला, तूर तगली, ज्वारीनं खाण्यापुरतं दिलं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पुढच्या पाडव्याला घोंगडी अंथरली, पण तिच्यावर उभं राहायला कुणी अप्पांना बोलावलं नाही. ढोल वाजले आणि आपले आपण थांबले. अप्पा गडीमाणसांत मागं बसले होते आणि घरी येऊन त्यांनी हुग्गी खाल्ली, पोटभर खाल्ली. बोल तिथून पुढं बंदच पडला.

आज पन्नाशीला आल्यावर मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या बोलातली पहिली तीन वाक्यं खरी निघाली. धरती तापली आहे, बर्फ वितळतं आहे, समुद्र वर येतो आहे. हे मी स्वतः फळ्यावर लिहून शिकवलं. टिटवीची दोन ठिकाणची अंडी अप्पांनी सगळ्या शास्त्रज्ञांइतकीच नीट बघितली होती. पण ती तीन वाक्यं कुणालाच नको असतात. त्यांनी काम वाढतं. बांध घालावे लागतात, झाडं जगवावी लागतात, पेरणीच्या तारखा बदलाव्या लागतात, पाण्यावरून भांडावं लागतं. सगळ्यांना चौथं वाक्य हवं असतं. ते ऐकलं की माणूस मोकळा, सावलीत आडवा व्हायला.

अप्पा शेवटी शेवटी फार थकले. टीव्हीवर जग बुडायची तारीख सांगत होते त्याच सुमाराचं आहे हे. मी शनिवारी उदगीरहून बसनं जायचे आणि त्याच लिंबाखाली त्यांना पेपर वाचून दाखवायचे. एकदा असाच उन्हाळ्यावरचा, पावसावरचा मोठा लेख वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग काय व्हनार?"

"लिवलं न्हाई, अप्पा."

"मग ऱ्हाऊ दे," ते डोळे मिटून म्हणाले. "लिवलंय तेवडंच वाच."

आमच्या गावात आजही कुणी विचारलं तर सांगतात की बिरप्पाचा बोल मल्लाप्पाच्या खोटेपणानं गेला. मी त्या ओसऱ्यांवर बसते, चहा पिते आणि ऐकून घेते. अप्पांनी बोलू नको म्हणून सांगितलं होतं आणि त्याचा मला फायदा झाला. मी शिकले, नोकरी केली, कुणी माझ्याकडं बोट दाखवलं नाही. आता अप्पा नाहीत, अव्वा नाही, शिवराजअण्णाही नाही. तेव्हा हे इथं लिहून ठेवते. ते वाक्य मल्लाप्पाचं नव्हतं. माझं होतं.